साथीदाराच्या खुर्चीतून गीतकाराच्या खुर्चीत

शाळेने मला गाणं शिकवलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. शाळेने मला मोजायला शिकवलं. मराठीच्या तासाला गुरुजी वृत्तांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र 'यमाताराजभानसलगं' घोकून घ्यायचे आणि मग भुजंगप्रयात हे वृत्त चालीवर म्हणायला लावायचे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. ल म्हणजे ऱ्हस्व अक्षर, एक मात्रा; गा म्हणजे दीर्घ, दोन मात्रा. प्रत्येक लगागा पाच मात्रांचा. पुढे तबलजीच्या शेजारी बसलो, तेव्हा दहा मात्रांच्या झपतालात असे दोन तुकडे बरोबर मावतात हे आपसूक कळलं.

प्रार्थनेला पेटी, म्हणजे हार्मोनियम, धरायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं आणि ते आयुष्यभर सुटलं नाही. नोकरी वेगळ्याच क्षेत्रात केली. संध्याकाळी मात्र भजन, भावगीतं, नाट्यपदं, ज्याला साथ हवी त्याच्या मागे मी. साथ करणाऱ्याला एक मोठा फायदा असतो: शेकडो गाणी आतून दिसतात. मुखडा, म्हणजे धृपदाची ओळ, कुठे टेकतो, अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, कोणत्या सुरावर उघडतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कवीने कोणता शब्द ठेवलाय, हे बोटांना कळायला लागतं. समेवर 'आणि'सारखा शब्द आला की गाणं मरगळतं आणि नेमका अर्थाचा शब्द आला की ऐकणाऱ्याची मान हलते.

निवृत्तीनंतर स्वतःचं गाणं लिहायला बसलो. चाल आधी आली, केरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात. इथे पेटी बाजूला ठेवावी लागली. पेटीचे सूर सुटे सुटे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. मला पेटी जिवापाड प्रिय आहे, पण चाल गळ्यातच शोधावी या मताचा मी आता झालो आहे. आधी 'ला ला' करत चाल पक्की केली, मग शब्द.

अंतऱ्याची ओळ होती, 'उरले अजून कितीक दिवस'. शेवटचा शब्द तार षड्जावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'वर, लांबवायचा होता, आणि तिथेच तो अडायचा. 'दिवस'मधली सगळी अक्षरं ऱ्हस्व. ताणायला गेलं की 'दिवाऽस' ऐकू येतं, आणि 'स'वर तर सूर थांबतच नाही. वरच्या सुराला मोकळा 'आ' लागतो. बऱ्याच दिवसांनी, चालता चालता, ओळ बदलली: 'उरल्या अजून कितीक वाटा'. मात्रा भरल्या सोळा, म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं चोख. 'वाटा'तला शेवटचा 'आ' हवा तेवढा वेळ धरता आला. आणि अर्थही पालटला. आधीची ओळ शिल्लक मोजत बसली होती, ही चालायला निघाली. गळ्याची सोय बघताना कविता सुधारते, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकातून तो मिळाला नसता.

तेव्हापासून लिहितोय. काही गाणी वहीतच राहतात, काही मित्रमंडळी म्हणतात. उशीर झाला का, असं लोक विचारतात. मला तसं वाटत नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओळींमागे भाता हलवला नसता, तर 'दिवस' का अडतोय हे मला ऐकूच आलं नसतं.

महोत्सवासाठी शाळेने गाणं मागितलं, तेव्हा हेच दिलं. मी गातो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून. मुलांसाठी षड्ज काळी चारवर घेतलाय आणि मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली, जागा काढून टाकलीय, कारण लहान गळे तिथे पोचत नाहीत. स्वरलेखन सध्याच्या संगीतशिक्षिकांकडे आहे. दुसऱ्या अंतऱ्याआधी श्वासाला दोन मात्रा सोडल्या आहेत, तिथे मुलांनी घाई करू नये एवढं त्यांना सांगावं.