शेवटचे दहा मीटर

रिंकवर सकाळी दव होतं, म्हणून वेगाची चाचणी नऊपर्यंत थांबवली. ओल्या सिमेंटवर चाकांची पकड सुटते आणि आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

सतरा वर्षांखालचे १४ इनलाइन हॉकीपटू, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट्सवर हॉकी खेळणारे. सरळ पट्ट्यावर ०, १०, २० आणि ३० मीटरला टायमिंग गेट: आडवा प्रकाशाचा किरण (बीम) तुटला की वेळ नोंदवणारं यंत्र. खेळाडू पहिल्या गेटच्या एक मीटर मागून सुटतो, पूर्ण किट घालून, हातात स्टिक. सामन्यात तो तसाच पळणार असतो. प्रत्येकी तीन फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती.

पहिल्या फेरीतच आकडे खटकले. एका फॉरवर्डचे पहिले दहा मीटर २.३० सेकंद, पुढचे १.३८, शेवटचे १.१७. महिन्यापूर्वीच्या नोंदीत पहिले दोन टप्पे जवळपास हेच, शेवटचा मात्र १.२५. आठ-नऊ जणांचं असंच: सुधारणा फक्त शेवटच्या टप्प्यात, आणि सगळ्यांची ०.०८ च्या आसपास. सरावानं वाढलेला वेग असा सगळ्यांना सारखा वाटून येत नाही. एका मुलीचा शेवटचा टप्पा मात्र जसाच्या तसा होता. ती स्टिक दोन्ही हातांनी अंगासमोर आडवी धरून पळते.

तिथे उलगडा झाला. शेवटच्या गेटच्या ट्रायपॉडचा स्क्रू ढिला होऊन बीम ९० सेंटिमीटरवरून ४५ वर उतरला होता. एका हातात धरलेली स्टिक पुढे उतरती असते. स्टिक दीड मीटरची, मूठ ९० सेंटिमीटरवर, ब्लेड (स्टिकचं खालचं चपटं टोक) जमिनीवर. म्हणजे गुडघ्याच्या उंचीला दांडा मुठीच्या ६० सेंटिमीटर पुढे. बाकीच्या गेटवर बीम मुठीनं तुटत होता, इथे दांड्यानं. सेकंदाला आठ मीटर वेगात ६० सेंटिमीटर म्हणजे ०.०७५ सेकंद. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमनं शूट करून पाहिलं: आधी दांडा, मग १८ फ्रेमनंतर मूठ.

स्क्रू आवळला, चारही बीमची उंची टेपनं मोजली आणि फेरी रद्द करून पुन्हा घेतली. तो फॉरवर्ड १.२५ वर परत आला. मुलगा हिरमुसला, पण त्याला व्हिडिओ दाखवल्यावर पटलं.

मग चपळाईची टी-चाचणी: इंग्रजी T च्या आकारात ठेवलेल्या कोनपर्यंत (शंकूंपर्यंत) सरळ पुढे, मग दोन्ही बाजूंना, आणि उलटं परत. चाकं बर्फावरच्या पात्यासारखी आडवी घसरत नाहीत, म्हणून बाजूला जाताना पावलं ओलांडायची मुभा ठेवतो, आणि एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुरुवात करायला लावतो. कोनला ब्लेड लागलं नाही तर फेरी बाद. शेवटी खेळाडू उलटा येतो, बीम पाठीनं तुटतो. तिथे स्टिकची अडचण येत नाही. ट्रायपॉडवर आता ९० सेंटिमीटरला पांढऱ्या रंगाची खूण केली आहे, आणि दर फेरीआधी एक जण चारही गेट बघून येतो.