सुमायाच्या कड्यात सह्याद्री

माद्रिद आणि बार्सिलोनाचे सात दिवस छान गेले. संग्रहालयं पाहिली, पाय दुखले, खरेदी झाली. त्यावर लिहावंसं वाटत नाही. लिहायचंय ते एका बुधवारबद्दल, आणि त्यातही ओहोटीच्या दोन-अडीच तासांबद्दल.

बहिणीची मुलगी, आमची चिऊ, बिल्बाओला भूशास्त्र शिकते. मी येणार म्हटल्यावर तिने एकच हट्ट धरला, "मावशी, बाकी काही बघू नकोस, पण सुमायाला चल." सुमाया हे स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचं बास्क लोकांचं गाव. नाव झेडने लिहितात, पण बास्क माणूस 'स'च म्हणतो. बिल्बाओहून छोटी मीटरगेज गाडी दोन तास घेते. बोगद्यात शिरते, नदीकाठी बाहेर येते, दर थोड्या वेळाने थांबते. श्रावणात कोकण रेल्वेत खिडकीशी बसावं तसं वाटत होतं.

चिऊने पहिली गाडी धरायला सांगितलं होतं आणि मी झोपून राहिले. त्यामुळे पोचलो तेव्हा भरती. इत्सुरुनचा समुद्रकिनारा जवळजवळ नाहीसा झालेला, लाटा थेट कड्याला भिडत होत्या. तिकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या आसपास जातो. ज्यांना जायचंय त्यांनी भरतीचं वेळापत्रक आधी बघा. मी बघितलं नाही आणि चिऊचा अर्धा दिवस घालवला, याची रुखरुख अजून आहे. कड्यावरच्या सान तेल्मोच्या चॅपेलपाशी भुरभुर पावसात बसून राहिलो. गावातल्या बारमध्ये जिकडेतिकडे मासे आणि डुकराचं मांस. मी शाकाहारी, अंडं तेवढं चालतं. काउंटरवरच्या बाईंना चिऊने ते सांगितल्यावर त्यांनी बटाट्याचं जाड ऑम्लेट दिलं आणि शिवाय आतून हिरव्या मिरच्या भाजून, वर खडं मीठ घालून आणल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत. संपूर्ण स्पेनमध्ये माझ्या जेवणाची इतकी काळजी दुसऱ्या कोणी केली नाही.

दुपारी पाणी उतरायला लागलं. खाली उतरलो तर किनाऱ्यावर ही गर्दी! इथे एका गाजलेल्या मालिकेचं चित्रीकरण झालंय. तोच कोन, तीच पोझ, रांगेने फोटो. लोक दगडावर चढत होते, पातळ थरांच्या कडा पायाखाली मोडत होत्या. मला राग आला. ज्या कड्याकडे पाठ करून सगळे उभे होते, तो कडा म्हणजे एके काळचा समुद्राचा तळ आहे. सुमारे हजार मीटर खोल पाण्यात साठलेला गाळ. पुढे आयबेरियाचा, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा भूभाग युरोपला रेटत गेला, पिरेनीज उभे राहिले, आणि हा आडवा गाळ दगड होऊन उभा झाला. कपाटात वह्या उभ्या लावाव्यात तशा पट्ट्या. टणक पट्टी चुनखडकाची, ती बाहेर आलेली. मऊ पट्टी मार्लची, म्हणजे चिखल आणि चुना मिसळलेल्या दगडाची, ती आत झिजलेली. एक बाहेर, एक आत, नजर पोचेल तिथपर्यंत.

आमच्या शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. पोरगं पाच-सहा वर्षांचं. आजोबांनी त्याचं बोट धरून बाहेर आलेल्या पट्ट्यांवर ठेवायला सुरुवात केली. "बाट, बी, हिरु, लाउ, बोस्त." पाचावर थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून. मी चिऊला विचारलं, पाचच का?

चिऊ खुलली. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे सुमारे २१,००० वर्षांच्या फेऱ्यात ऋतूंची तीव्रता कमीजास्त होते. पाऊस बदलतो, नद्या समुद्रात किती माती आणतात ते बदलतं. माती जास्त आली की मार्ल, कमी आली की चुनखडक. म्हणजे एक चुनखडक आणि एक मार्ल मिळून झाली साधारण २१,००० वर्षं. सूर्याभोवतीची पृथ्वीची कक्षाही सुमारे एक लाख वर्षांच्या फेऱ्यात कमीजास्त लांबट होते, आणि त्या डुलण्याचा परिणाम वाढवते किंवा दबवते. म्हणून अशा जोड्या पाच-पाचच्या गठ्ठ्यांत दिसतात. ते आजोबा नातवाला लाख-लाख वर्षं मोजायला शिकवत होते. मीही कड्याला हात लावून मोजलं, एक ते पाच, मराठीत. पोरगं माझ्याकडे बघून हसलं आणि "बोस्त!" असं मोठ्याने म्हणालं.

मध्येमध्ये वाळूच्या दगडाचे पातळ थर लागतात. ते लाखाच्या हिशेबात धरायचे नाहीत, चिऊने बजावलं. समुद्राखालच्या उतारावरून गाळ घसरला की असा थर काही तासांत, फार तर काही दिवसांत बसतो. म्हणजे मोजणाऱ्याने आधी पाहुणे ओळखून बाजूला काढायचे. याच कड्यात थॅनेशियन नावाच्या कालखंडाची सुरुवात जिथे ठरवली आहे, तिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटलं होतं. गाळातल्या लोहयुक्त कणांनी त्या वेळची दिशा धरून ठेवली, ती प्रयोगशाळेत वाचली जाते. सेलँडियन आणि थॅनेशियन या दोन्ही कालखंडांच्या आरंभासाठी २००८ साली जगभरातून हाच किनारा प्रमाण मानला गेला.

पुढे एका जागी चुनखडक थांबतो आणि काही मीटर नुसती चिकणमाती लागते. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हवेत आणि पाण्यात कार्बन इतका वाढला की पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली आणि समुद्र आम्लाकडे झुकला. तळावर पडणाऱ्या सूक्ष्म जिवांची चुन्याची कवचं विरघळली, नद्यांनी आणलेली मातीही वाढली, आणि थरात मातीच उरली. घडी पुन्हा बसायला दीडेक लाख वर्षं लागली. आणि आज आपण कार्बन सोडतोय तो त्या वेळच्या जवळपास दहापट वेगाने. चिऊ हे फार शांतपणे सांगत होती. तिचं वय तेवीस. मला तिथे उभं राहवेना.

मग अल्गोरीच्या टोकाकडे गेलो. चालणं अवघड आहे, शेवाळ फार. इथे ती रेघ आहे. खाली जांभळट मार्ल, मग कॅल्साइटची पांढरी शीर, तिला लागून काळपट मातीचा पातळ थर, आणि त्यावर पुन्हा चुनखडक. ६ कोटी ६० लाख वर्षं. डायनोसॉर संपले ती वेळ. अशाच मातीत इटलीतल्या गुब्बियोला इरिडियम हा जमिनीवर दुर्मिळ, पण उल्कांत जास्त असणारा धातू सापडला आणि १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी उल्कापाताची कल्पना मांडली. ते इरिडियम इथेही आहे. त्याच दशकात पीटर वॉर्ड हे जीवाश्मतज्ज्ञ इथे अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या समुद्री जिवांचे अवशेष, शोधत होते. रेघेखालच्या शेवटच्या काही मीटरांत त्यांना अमोनाइट मिळेनात, म्हणून ते हळूहळू संपले असं त्यांनी मांडलं. नंतर जवळच फ्रान्सच्या हद्दीत, आंदाय इथे, अगदी रेघेपर्यंत अमोनाइट मिळाले, आणि त्यांनी आपलं मत बदललं. हे ऐकून मला बरं वाटलं.

त्या काळ्या मातीच्या थरात नमुने काढून काढून खड्डे पडलेत. अभ्यासासाठी काढलेले मी समजू शकते. पण आठवण म्हणून किल्लीने खरवडून नेणाऱ्यांचं काय करायचं? मी बोटसुद्धा लावलं नाही.

"मावशी, ह्याच्या थोडं खाली-वर बघ," चिऊ म्हणाली, "त्या वेळी आपला सातारा चालू होता."

मला आधी कळलंच नाही. दख्खनचा लाव्हा! या रेघेच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी त्याचा मुख्य उद्रेक सुरू झाला आणि एकूण साडेसात लाख वर्षं चालला, असं २०१५ सालच्या कालमापनातून निघालं. म्हणजे रेघेखालचे दोन-तीन गठ्ठे आणि वरचे पाचेक. आजोबांच्या हिशेबाने बोटांवर मोजता येतील इतके. अजिंक्यताऱ्यावर मी लहानपणी खेळले, खंबाटकीतून हजारदा गेले. पायरीपायरीचे ते डोंगर माझ्यासाठी नेहमीच तिथे होते. ते कधीतरी वाहत होते, आणि तेव्हा इथे हा चिखल शांतपणे खाली बसत होता, हे मी आधी कधी मनात आणलंच नव्हतं.

त्या लाव्ह्याचा काही माग समुद्रात राहिला का, असं मी विचारलं. चिऊ म्हणाली, राहिलाय. महासागरांच्या तळातून नळ्या घालून काढलेल्या गाळात, रेघेच्या आधी, ऑस्मियम धातूच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच धातूच्या हलक्या-जड अणूंचं, प्रमाण घसरलेलं दिसतं. ते दख्खनच्या ताज्या बसाल्टमुळे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळामुळे, असं २००३ साली मांडलं गेलं. त्याच गाळातल्या रव्याच्या कणाहून बारीक कवचांतल्या हलक्या-जड ऑक्सिजनवरून त्या वेळी समुद्र काही अंशांनी तापल्याचंही कळतं. सुमायाचा दगड डोंगर होताना दाबला गेला, म्हणून तापमान बघायला ते गाळ चांगले. वेळ मोजायला मात्र ही भिंत.

पाणी परत चढू लागलं. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन निघाले होते. गाडीत चिऊ म्हणाली, तिच्या टेबलावर सुमायाचा एक गोटा आहे, किनाऱ्यावर सुटा पडलेला, तिला कोणीतरी दिलेला. त्याच्या शेजारी ठेवायला घरचा काळा कातळ हवाय.

आल्यावर मी माळ्यावरून आईचा तुटका वरवंटा काढला. त्यावर तिने चाळीस वर्षं वाटण वाटलं, त्याचं एक टोक गुळगुळीत झालंय. मेहुणे पुढच्या महिन्यात बिल्बाओला जातायत. त्यांच्या बॅगेत, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलाय.