सेरेंडिपिटी उर्दूत: कार्डाचा चौथा मसुदा

सद्यस्थिती: अर्थाचं वाक्य पक्कं झालं, उदाहरणं दोनच ठेवली, टायपिंग तपासून झालं. उच्चाराचं रेकॉर्डिंग बाकी आहे. शब्दकार्डांच्या या मालिकेचा नियम तोच: कमी भेटणारा इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ उर्दूत, उर्दू लिपीत, मधे मराठीची कुबडी नाही. या कार्डाचा शब्द सेरेंडिपिटी: शोध दुसऱ्याच गोष्टीचा चालू असताना योगायोगाने आणि चाणाक्षपणाने मोलाचं काही हाती लागणं.

पहिल्या मसुद्यात फक्त ‘हुस्न-ए-इत्तिफ़ाक़’ होतं. बहुतेक जण इथेच थांबतात आणि तिथेच कार्ड लंगडं होतं. हुस्न-ए-इत्तिफ़ाक़ म्हणजे सुखद योगायोग. स्टेशनवर जुना मित्र भेटला तरी तो हुस्न-ए-इत्तिफ़ाक़च. त्यात माणसाच्या बुद्धीचा वाटा कुठेच येत नाही. इंग्रज लेखक होरेस वॉल्पोलने २८ जानेवारी १७५४ रोजी आपला मित्र होरेस मान याला लिहिलेल्या पत्रात हा शब्द घडवला, तेव्हा त्याने दोन गोष्टी जोडून सांगितल्या होत्या: योगायोग आणि चाणाक्षपणा. शिवाय, हाती लागलेली गोष्ट मुळात शोधत नसावी, ही अट. एकट्या ‘इत्तिफ़ाक़’ला आणखी एक खोड आहे. त्याचा दुसरा अर्थ सहमती. ‘मुझे आप से इत्तिफ़ाक़ है’ म्हणजे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तेव्हा कार्डावर तो शब्द सुटा ठेवला की नवशिका हमखास चकतो.

दुसरा मसुदा ‘नेमत-ए-ग़ैर मुतरक़्क़बा’. अनपेक्षित लाभासाठीचा हा उर्दूतला रुळलेला वाक्प्रचार. ‘ग़ैर’ आपल्याला गैरसमज-गैरहजरमुळे घरचाच. ‘मुतरक़्क़बा’चं मूळ अरबी धातू रे-क़ाफ़-बे, म्हणजे वाट पाहणं, नजर ठेवणं, ग़ज़लेतला रक़ीब (प्रेमातला प्रतिस्पर्धी) याच कुळातला. इथे लोक सर्रास ‘मुतवक़्क़े’ घुसवतात. ‘ग़ैर मुतवक़्क़े’ हाही शुद्ध शब्द आहे आणि त्याचा अर्थही अनपेक्षित असाच आहे, पण त्याचं मूळ वाव-क़ाफ़-ऐन, आणि या वाक्प्रचारात त्याला जागा नाही. एवढं करूनही अर्थ अर्धाच येतो, कारण लॉटरी हीसुद्धा नेमत-ए-ग़ैर मुतरक़्क़बा.

तिसऱ्यात ‘इत्तिफ़ाक़ी दरियाफ़्त’ (योगायोगाने लागलेला शोध) लिहून पाहिलं. अचूक आहे, पण सरकारी परिपत्रकासारखं कोरडं. बाद.

अडकलेली गाठ सुटली ती ‘फ़िरासत’ या शब्दाने. बाहेरच्या खुणांवरून आतली गोष्ट ओळखणं, ही फ़िरासत. ‘फ़हम-ओ-फ़िरासत’ (समज आणि फ़िरासत) ही जोडी उर्दू वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. वॉल्पोलच्या डोक्यात जी गोष्ट होती तिच्याशीही हा शब्द चपखल बसतो: सरांदीपचे, म्हणजे श्रीलंकेचे, तीन राजपुत्र, न पाहिलेल्या उंटाचं वर्णन करणारे. सेरेंडिपिटी हा शब्द त्याच नावावरून घडवलेला. रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं, म्हणजे उंट एका डोळ्याने आंधळा. चावलेले घास गळून पडलेले, म्हणजे दात पडलेला. एक पाय फरफटल्याची खूण, म्हणजे लंगडा. (खरं तर या गोष्टीत फ़िरासतच जास्त, इत्तिफ़ाक़ फार थोडा. वॉल्पोलने ती जरा सैलच वापरली.) ही गोष्ट अमीर ख़ुसरोच्या ‘हश्त बिहिश्त’मध्ये फ़ारसीत आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिथून पुढे १५५७ मध्ये ती व्हेनिसला इटालियनमध्ये छापली गेली. म्हणजे हा इंग्रजी शब्द उर्दूत समजावताना आपण त्याला माहेरीच आणतोय.

चौथ्या मसुद्याचं वाक्य: ‘तलाश किसी और चीज़ की हो, और इत्तिफ़ाक़ और फ़िरासत से कोई दूसरी क़ीमती चीज़ हाथ आ जाए।’ खाली बारीक अक्षरात ‘क़रीबी अल्फ़ाज़’ (जवळचे शब्द) म्हणून हुस्न-ए-इत्तिफ़ाक़ आणि नेमत-ए-ग़ैर मुतरक़्क़बा. उदाहरणं एकमेकांविरुद्ध ठेवली. जुन्या कोटात नोट सापडली: निव्वळ ख़ुशक़िस्मती. १९२८ साली पेनिसिलिन शोधणाऱ्या फ़्लेमिंगच्या जिवाणू वाढवायच्या बशीत बुरशी आली, तिच्याभोवतीचे जिवाणू मेलेले त्याला दिसले आणि त्याने ती बशी फेकली नाही: सेरेंडिपिटी. फरक दाखवणारं दुसरं उदाहरण नसेल तर व्याख्या कितीही घासा, शिकणारा ‘नशीब’ हाच अर्थ घेऊन जातो.

आता लिपी. मूळ नाव ‘सरांदीप’: सीन, रे, अलिफ़, नून, दाल, ये, पे. अलिफ़ गाळलेलं रूपही चालतं. अरबीत पे नाही, म्हणून तिकडे शेवटी बे येतो. बहुतेक अभ्यासक हे नाव सिंहलद्वीपावरून आलं असं मानतात. इंग्रजी उच्चार उर्दूत लिहिताना मात्र ड-ट मूर्धन्य घ्यायचे: सीन, ये, रे, नून, डाल, ये, पे, टे, ये. एकाच कार्डावर दाल आणि डाल दोन्ही येतात. ती चूक समजून दुरुस्त करू नका.

उर्दूत ह साठी दोन अक्षरं आहेत, बड़ी हे आणि छोटी हे. ‘हुस्न’ला बड़ी हे लागते. मराठी कानाला ह एकच, त्यामुळे छोटी हे टाइप होते. ‘नेमत’मध्ये नूननंतर ऐन हवा, बोलताना तो ऐकूच येत नाही. इज़ाफ़तीची (दोन शब्द जोडणाऱ्या ‘-ए-’ची) ज़ेर, म्हणजे खालची तिरकी रेघ, दोन्हीकडे पहिल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराखाली: हुस्नच्या नूनखाली, नेमतच्या तेखाली. ‘इत्तिफ़ाक़न’ लिहायचं झालं तर शेवटी नून नाही, अलिफ़ावर दोन ज़बर (वरच्या तिरक्या रेघा).

अरबी कीबोर्डवरून टाइप केलं असेल तर ये आणि काफ़ एकदा तपासा. अरबी ये शब्दाच्या शेवटी आली की खाली दोन ठिपके दिसतात, उर्दू येला तिथे ठिपके नसतात. दिसायला फरक किरकोळ, पण युनिकोडच्या लेखी ही वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे शोधल्यावर कार्ड सापडतच नाही. नोतो नस्तालीक़ हा फॉन्ट वापरत असाल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या दुप्पट किंवा थोडं जास्त ठेवा. नस्तालीक़मध्ये शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो, म्हणून ‘मुतरक़्क़बा’सारख्या लांब शब्दाचा वरचा भाग कापला जातो. इंग्रजी शब्दाला स्वतंत्र रकाना द्या. एकाच ओळीत दोन्ही लिप्या आल्या की पूर्णविराम भलत्या टोकाला उडी मारतो.

पुढचं कार्ड: इंडिफॅटिगेबल, म्हणजे न थकणारा. उर्दूत ‘अनथक’ सरळ बसतो. कच्च्या मसुद्यात प्रयत्नांची ‘शिकस्त’ करणारा असं काही आलं असेल तर आधी खोडा. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव.