शुगर निघाल्यावर परत आखाड्यात

वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत कोल्हापूरला तालमीत होतो, मग नोकरी लागली आणि मेहनत सुटली, पण खुराक काही सुटला नाही. रोजचं दोन लिटर दूध, तूप, रविवारी मटण, सगळं तसंच चालू. चाळिशीत चेकअपला वजन ११८ किलो आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, ९.४. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सुरू केली. मी त्याच आठवड्यात तालमीत जाऊन वस्तादांना म्हणलं, परत लढायचंय. ते म्हणाले, "पैलवानाला कसली आलीय शुगर, चार महिने जोर मार, जाईल."

तशी ती जात नाही. ज्वारीची भाकरी शुगरला चालते असं ऐकून मी जेवणाला तीन-तीन खायचो आणि दोन तासांनी मीटरवर २४० यायचं, तेव्हा कळलं की भाकरी पण मोजूनच खायची. मग एक भाकरी, बाकी अंडी, मोड आलेली मटकी, मासे, भाजी, आणि थंडाई बंद. थंडाई सोडताना खरंच जीवावर आलं, कारण तालमीत सगळे ती घोटत बसलेले असताना आपण नुसतं ताक घेऊन बसायचं.

पाचव्या महिन्यात वजन १०३ झालं पण गोळीचा डोस तोच राहिला, आणि माझी सगळ्यात मोठी चूक हीच. एका सकाळी बैठका मारून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरलो, हात थरथरायला लागले, घामानं भिजलो. आता तालमीत घाम आणि थरथर कुणाला नसते, त्यामुळं मलाही काही वाटलं नाही. जोडीदार काहीतरी बोलत होता ते कानावर पडत होतं पण अर्थच लागेना, तेव्हा त्यानंच मला बाहेर ओढलं. मीटरवर ५४, म्हणजे शुगर फारच खाली गेलेली! ग्लुकोज पावडर पिशवीत होती आणि पिशवी घरी. डॉक्टरांनी आधी डोस अर्धा केला, पुढं ग्लिमेपिराइड बंदच केली, मेटफॉर्मिन अजून चालू आहे. कुणी ग्लिमेपिराइडवर किंवा इन्सुलिनवर असताना वजन उतरवत असेल तर प्लीज दर थोड्या दिवसांनी डॉक्टरांना रीडिंग दाखवा. लंगोटावर खिसा नसतो, म्हणून ग्लुकोजचा डबा आता हौद्याच्या कडेला असतो आणि तो कशासाठी आहे हे तालमीत सगळ्यांना माहीत आहे.

उलटंही होतं. जोरदार लढतीनंतर शुगर १५० ची २०० झाली, मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले जोर लावताना ॲड्रेनलिन वाढतं, लिव्हर साखर सोडतं, तास-दोन तासांत उतरेल. उतरली. आणि पाय! लाल मातीत अनवाणी असतो आपण, रोज रात्री बोटांच्या बेचक्यात आरसा धरून बघतो, बारीक चीर दिसली तरी दोन दिवस सुट्टी. पाणी तोडून, म्हणजे लढतीआधी पाणी पिणं बंद करून, वजन पाडायला डॉक्टरांनी साफ नाही सांगितलंय, ते मी करत नाही.

अकरा महिन्यांनी ९६ किलो, एचबीए१सी ६.६. गावच्या जत्रेत माझ्याच वयाच्या पैलवानाशी जोड लागली. नऊ मिनिटं चालली, शेवटी बरोबरीत सोडवली. मैदानातून बाहेर आलो तर वस्ताद एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात माझा मीटर घेऊन उभे, म्हणाले, "बोट दे आधी."