पाऊण उंचीवर अडणारी काच : पॉवर विंडोची मोटर घरी उघडली तेव्हा

माझ्या गाडीची डाव्या बाजूची पुढची काच खाली सरसर जायची, वर येताना मात्र पाऊण उंचीवर अडून बसायची. पाच-सात मिनिटं तसंच सोडलं की पुन्हा चार बोटं चढायची. स्पेअर पार्टच्या दुकानात हे लक्षण सांगितलं की उत्तर तयार असतं : मोटर गेली, मशीनसकट बदला. मशीन म्हणजे काच वर-खाली करणारा रेग्युलेटर. पण थांबून पुन्हा चालणारी मोटर मेलेली नसते. तिच्या आत कार्बनच्या (फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या ब्रशच्या) शेजारी छोटा थर्मल कटआउट असतो. मोटर अडली की करंट वाढतो, कटआउट तापून सर्किट तोडतो आणि थंड झाला की परत जोडतो. म्हणजे मोटर जास्त ओढ सोसते आहे, एवढंच कळलं. ही ओढ बाहेरची की मोटरीच्या आतली, हे शोधायचं होतं. बाहेरची असेल तर नवी मोटरही वर्षभरात त्याच जागी अडते.

दार उघडण्याआधी आवाज ऐकून घ्यावा. बटण दाबल्यावर काहीच आवाज नाही तर फ्यूज, स्विच, वायर किंवा पूर्ण झिजलेले कार्बन. मोटर गरगर फिरते पण काच जागची हलत नाही, तर केबल तुटली किंवा गिअरमधला कपलिंगचा तुकडा मोडला. कटकट आवाज येऊन काच तिरकी झाली तर रेग्युलेटरची प्लॅस्टिकची सरक गेली. माझ्याकडे जड घरघर होती आणि बटण दाबलं की केबिनचा दिवा मंद व्हायचा. (त्याआधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉकचं बटण चुकून दाबलेलं नाही ना, हे बघा. त्यापायी दार खोलणारे कमी नाहीत.)

वायरिंग तपासताना नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. वायरीतला एकच तार शिल्लक असला तरी लोड नसताना मीटर छान १२ व्होल्ट दाखवतो. मी जुना ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब वापरला. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे चालत्या काचेच्या मोटरीएवढाच. मोटरीचा कपलर (वायरींचा जोड) काढायचा, त्याच्या दोन पिनांना बल्ब जोडायचा आणि बटण वर-खाली दाबायचं. साध्या दोन पिनांच्या मोटरीत दिशा बदलते ती पोलॅरिटी उलटून, त्यामुळे बल्ब दोन्ही वेळा सारखाच लख्ख लागला पाहिजे. खाली दाबल्यावर लख्ख आणि वर दाबल्यावर पिवळट, तर स्विचचा एक कॉन्टॅक्ट जळालाय. बऱ्याच गाड्यांत डाव्या काचेचं अर्थिंग (करंटची परतीची वाट) ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून फिरून येतं, म्हणून दोष उजव्या दारात आणि काच डावी बंद असंही होतं. आणखी एक जागा म्हणजे दार आणि बॉडीमधला रबरी नळा. दार हजारदा उघडमीट होऊन वायर त्याच्या आत तुटते, वरून दिसत नाही. बल्ब लावून दार हलवलं की लुकलुकतो.

माझं माप असं आलं : इंजिन बंद, बॅटरीवर १२.३, बल्ब लागलेला असताना कपलरवर ११.४. नऊ दशांश व्होल्टची घट चालण्याजोगी. दोन व्होल्ट पडले असते तर मोटरीला हातच लावला नसता. ज्यांच्या काचेला मध्ये काही आलं तर आपोआप मागे फिरण्याची सोय आहे, त्यांच्या मोटरीला बहुधा जास्त पिना असतात. तिथे हा प्रयोग अंदाजाने करू नका, सेन्सर जळू शकतो.

आता दार. काच अर्ध्यावर आणून ठेवायची, मग बॅटरीची निगेटिव्ह काढून पाच मिनिटं थांबायचं, साइड एअरबॅगची गाडी असेल तर जास्तच काळजी. आतल्या हँडलच्या कपात एक स्क्रू, हात ठेवायच्या खाचेत एक-दोन, कडेला एखादा. मग पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, खालच्या कोपऱ्यातून ओढायचं. लोखंडी पेचकसाने उचकटलं तर रंग उडतो आणि क्लिपची टोपी पॅडमध्येच राहते. जुनं एटीएम कार्ड दोनदा घडी घालून वापरलं, काम झालं. दहा वर्षांच्या गाडीच्या दोन-तीन क्लिपा मोडणारच, सांगलीत शंभर फुटी रस्त्याला कुठल्याही दुकानात मिळतात. मोडकी क्लिप सोबत न्या, दिसायला सारख्या चार जाती असतात. पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट टेपवर असतो, तो फाडायचा नाही. टेप पात्याने हळूहळू कापत सोडवायची.

काच अर्ध्यावर असली की तिचे दोन १० नंबरचे बोल्ट दाराच्या भोकांतून दिसतात. ते सोडताना काच हाताने धरायची, आणि सुटली की वर सरकवून दोन्ही बाजूंनी रुंद टेपने दाराच्या चौकटीला बांधायची. एकच पट्टी पुरत नाही, उन्हात गोंद सैल होतो आणि काच दारात कोसळते.

बोल्ट काढल्यावर, टेप लावण्यापूर्वी, मी काच दोन्ही तळव्यांत धरून वर-खाली करून पाहिली. सगळ्या दुरुस्तीत हीच तपासणी सर्वांत मोलाची, आणि हीच कुणी करत नाही. काच बोटांच्या जोराने सरकायला हवी. माझी वरच्या तिसऱ्या भागात मागच्या रबर चॅनलमध्ये चिकटत होती. त्या चॅनलच्या आत मखमलीसारखी लव असते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांची धूळ, पेटवलेल्या फडाची राख आणि पावसाचं पाणी यांचा त्यात खापरीसारखा थर जमतो. ओल्या कपड्यात पातळ पट्टी गुंडाळून तीन वेळा पुसली, तेव्हा लव दिसायला लागली. पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे. तेल किंवा ग्रीस इथे कधीही नको. रबर फुगतं, धूळ दुप्पट धरते, आणि पहिले पंधरा दिवस काच इतकी छान चालते की उपाय बरोबर वाटतो.

घरघर मात्र मोटरीचीच होती. रेग्युलेटर केबलचा असेल तर मोटर काढताच केबलची चकरी उसळून गुंता होतो, म्हणून चकरी आधी केबल टायने आवळून टाकली. कैचीच्या आकाराचा रेग्युलेटर असेल तर त्याला जोरकस स्प्रिंग असते. मोटर सुटली की रेग्युलेटरचा हात झपकन फिरतो आणि बोट सापडलं तर मोडतं. भोकातून बोल्ट घालून तो अडकवल्याशिवाय मोटरीचे तीन स्क्रू सोडू नका.

टेबलावर मोटर थेट बॅटरीवर चालवली, वायरीत २० अँपिअरचा फ्यूज घालून. मोकळी असूनही ४ अँपिअर घेत होती. मीटरची १० अँपिअरची रेंज काही सेकंदच वापरायची, आणि अडलेल्या मोटरीचा करंट त्यावर मोजायचा नाही. तो १५-२० च्या वर जातो.

गोल पत्र्याचं कवच दोन स्क्रूंवर असतं. काढण्यापूर्वी कवच आणि प्लॅस्टिकच्या जोडावर मार्करने रेघ मारा. उलटं बसलं तर मॅग्नेट उलटतात आणि वरचं बटण दाबलं की काच खाली जाते. आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, मॅग्नेटला चिकटून बाहेर येऊ पाहतं, त्याच वेळी दोन्ही कार्बन स्प्रिंगने आत उडी मारतात. शाफ्टच्या टोकाशी बारीक छर्रा किंवा चकती असते, ती ग्रीसला चिकटून कुठेतरी जाते. खाली पांढरा कपडा अंथरला होता म्हणून सापडली.

आत काय होतं? गिअरकडचं जुनं ग्रीस वितळून कम्युटेटरपर्यंत (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलापर्यंत) आलं होतं आणि कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा झाला होता. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा त्यानेच भरलेल्या. मग करंट एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर गळतो, मोटर तापते आणि जोर कमी पडतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने लगदा धुतला, खाचा टूथपिकने मोकळ्या केल्या. तांबं झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवत उजळलं. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात. गंज सोडवायचा स्प्रेही इथे नको, तेलाचा थर मागे राहतो. कार्बन पाच-सहा मिलिमीटर शिल्लक होते, म्हणून तेच ठेवले. गिअरला वाटाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस, जास्त नाही. जास्त घातलेलंच पुन्हा कम्युटेटरवर येतं.

जोडताना कार्बन मागे दाबून धरायला तिसरा हात लागतो. पातळ तार यू आकारात वाकवून दोन्ही कार्बन अडकवले, आर्मेचर बसलं की तार ओढून काढली. पुन्हा मोजलं : २ अँपिअरच्या आसपास. थर्मल कटआउटला वायरने वळसा घालून देणारे कारागीर आहेत. काच चढते खरी, पण बटण दाबून धरलं तर मोटर धूर सोडेपर्यंत थांबत नाही.

बसवताना काचेचे बोल्ट आधी सैल, काच पूर्ण वर नेऊन चॅनलमध्ये सरळ बसली की मग आवळले. जोर फार नको, काच त्या भोकाशीच तडकते. बॅटरी जोडल्यावर आपोआप चालणाऱ्या काचेला बहुतेक गाड्यांत पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं. पडद्याची टेप मळली होती, नवी लावली. हा पडदा कंटाळून तसाच सोडला तर जूनमध्ये पायाखालचं मॅट ओलं होतं, आणि माणूस गळती काचेच्या रबरात शोधत बसतो. क्लिपा, टेप, स्प्रे, ग्रीस मिळून साडेचारशेच्या आत भागलं.

दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. माझी दोन्ही बुजलेली होती, त्यामुळे पाणी दारात साठून दमट हवा मोटरीला लागत होती. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर सांगलीत जुनी गाडी घेताना मी पॅड काढून तळ बघायला सांगतो. आसन बदलता येतं, गालिचा धुता येतो, पण दाराच्या शिवणीत बसलेला कृष्णेचा बारीक गाळ कुणी काढत नाही. भोकात जाड नायलॉनची दोरी घालून मोकळी केली आणि बाहेरून काचेवर तांब्याने पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला खालून चहाच्या रंगाचं पाणी आलं, तिसऱ्याला स्वच्छ.