शेवटच्या क्रमांकाचे भाषण

फोंड्यातल्या आमच्या खेळमंडळाचा वार्षिक मेळावा १९ डिसेंबरच्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या, आगेमागे येणाऱ्या रविवारी भरतो. सभागृह शाळेचे, खुर्च्या देवळाच्या, माइक भजनी मंडळाचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी, पाहुण्यांना श्रीफळ हे सगळे रीतसर होते, व्हायलाच हवे, आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नसते. मेळाव्याचा जीव आहे तो पुढच्या दोन गोष्टींत. पहिली 'ओळख': मंडळाला माहीत नसलेला एखादा खेळ दरवर्षी कुणी ना कुणी सभासद उभा राहून समजावून सांगतो. दुसरी, वर्षभराच्या साखळी स्पर्धेत जो तळाला राहिला त्याचे भाषण. विजेत्याला चषक मिळतो, बोलायला मिळत नाही. ही प्रथा कुणी पाडली याबद्दल आमच्यात दोन मते आहेत. मी चिटणीस असताना जुनी इतिवृत्ते वाचली आहेत आणि माझ्या मते ती आमच्या पहिल्या अध्यक्षांचीच.

ओळखीत आजवर कॅटान, कारकासोन असे परदेशी पटावरचे खेळ आले, एकदा एका आजींनी पटावरच्या सोंगट्यांचा जुना डाव कवड्यांसकट मांडला होता. पण मास्तरांनी ब्लड बोल हा सोंगट्या-फाशांचा खेळ आणला त्या वर्षासारखी ओळख पुन्हा झाली नाही.

मास्तर म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक. तालुक्यातल्या फुटबॉल खेळलेल्या निम्म्या मुलांनी त्यांची शिट्टी खाल्लेली आहे. त्यांचा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी येताना त्याने या खेळाची पेटी आणली, २०१६ च्या आवृत्तीची, माणसांचा एक संघ आणि ऑर्क नावाच्या हिरव्या राक्षसांचा दुसरा. फुटबॉल आहे म्हटल्यावर मास्तर पेटीवर बसून राहिले. नियमावली वाचली तेव्हा कळले की हा आपला फुटबॉल नव्हेच. चेंडू हातात घेऊन पळायचे, गोलपोस्ट नाही, गोलरक्षक नाही, समोरच्याच्या शेवटच्या ओळीत चेंडू नेला की टचडाउन. मूळ अमेरिकन फुटबॉलचे, आणि खेळणारे बुटके, एल्फ, उंदीरमाणसे, ऑर्क.

हे गोव्यात सांगायचे म्हणजे धाडसच. सभागृहातली अर्धी माणसे धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या फुटबॉल संघांचे सामने बघत मोठी झालेली. मास्तरांनी हातात चेंडू धरल्याबरोबर मागून आवाज आला, "हँडबॉल!" सगळे हसले. मास्तर थांबले, हसू ओसरू दिले आणि म्हणाले, "बरोबर. आता पुढची पंधरा मिनिटे तुम्हाला जे जे फाउल वाटेल ते मोठ्याने ओरडा." लोक ओरडत राहिले, मास्तर उत्तरे देत राहिले. खाली पडलेल्याला लाथ मारणे? तोही फाउलच, पण तो करायला मिळतो, पाळीत एकदा, आणि दोन फाशांवर सारखा आकडा पडला तर पंच बाहेर काढतो. शाळेतली मुले या उत्तरावर जागच्या जागी नाचली.

खरी ओळख पुढे झाली. आदल्या रात्री मास्तरांनी सभागृहाच्या लादीवर खडूने चौकोन आखले होते. मैदान २६ चौकोन लांब, १५ रुंद. जागेअभावी त्यांनी अर्धेच काढले. त्यात मुलांना सोंगट्या म्हणून उभे केले, एका बाजूला ११, समोर ११. आठ पाळ्यांचा अर्धा डाव, असे दोन अर्धे, हे सांगून झाले. चेंडू एका उंच मुलाच्या हातात दिला. तो लगेच पळायला निघाला.

"थांब बाबू. तू शेवटी."

आणि मग त्यांनी या खेळाचे मर्म सांगितले. तुझा एक जरी गडी पडला किंवा चेंडू निसटला, तर तुझी पाळी तिथेच संपते. बाकीच्या दहांनी काही केले नसले तरी. म्हणून आधी पडलेले उभे करायचे. मग ज्यांना फासा टाकावा लागत नाही त्यांना हलवायचे. मग धक्का मारणाऱ्याच्या शेजारी सोबती नेऊन ठेवायचे, कारण शेजारचा सोबती नुसता उभा राहिला तरी मारणाऱ्याची ताकद वाढते, एका फाशाचे दोन फासे होतात आणि त्यातला हवा तो निवडता येतो. सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, चेंडूवाला. मास्तर एकेका मुलाला खांद्याला धरून त्याच्या चौकोनात नेत होते. चेंडूवाला पळून ओळीपलीकडे गेला तेव्हा ज्यांनी कधी फासा हातात घेतला नव्हता त्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी इतकी वर्षे मेळावे पाहते आहे, शिकवणे म्हणजे काय ते मला त्या दिवशी दिसले.

हे पाहायला सभागृह भरलेले असायला हवे होते. नव्हते. पाहुण्यांचे भाषण संपले तशा पुढच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. कुणाच्या गावची जत्रा असेल तर मी समजू शकते, ते दिवसच जत्रांचे. पण सत्कार घेऊन, फोटो काढून दाराबाहेर पडणारे काही माजी पदाधिकारी होते, त्यांची मला अजून चीड येते. मास्तरांनी त्या ओळखीसाठी तीन महिने तयारी केली होती.

पैशांचा प्रश्न निघालाच. एक पेटी, आणि खेळू इच्छिणारे चौदा जण. तेव्हा मास्तरांनी सांगितले की १९८६ साली जर्विस जॉन्सनने रचलेला हा खेळ गेम्स वर्कशॉपने प्रथम काढला, तेव्हा त्यातले खेळाडू पुठ्ठ्याचेच होते. मधल्या काळात कंपनीने तो बाजूला ठेवला तेव्हा जगभरच्या खेळाडूंनीच आपापल्या स्पर्धा भरवून जिवंत राखला. मग आपल्याला पुठ्ठ्याची लाज कसली? त्यानंतरची आमची ब्लड बोलची पहिली साखळी चौदापैकी बारा पुठ्ठ्याच्या संघांवर झाली.

साखळीत संघ वर्षभर तोच राहतो, ही या खेळाची गोडी. दहा लाख सोन्याच्या नाण्यांत संघ उभा करायचा. खेळाडू टचडाउन करतात, अनुभवाचे गुण मिळवतात, नवी कसब शिकतात; जखमी होतात, आणि मरतातही. मेलेला पुढच्या सामन्याला परत येत नाही. आषाढातल्या एका रविवारी बाहेर धो धो कोसळत होते आणि हवामानाच्या फाशांवरही मुसळधार पाऊसच पडला. चेंडू कुणाच्या हातात टिकेना. त्या दिवसाचे वर्णन आमच्याकडे अजून चहासोबत निघते.

डिचोलीहून येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने हाफलिंगांचा संघ घेतला. हा खेळातला बहुधा सर्वांत दुबळा संघ. कमरेएवढे गडी, ताकद दोन, चिलखत इतके पातळ की दोन फाशांची बेरीज सात किंवा जास्त आली की फुटलेच. जमेला एक आचारी, जो कधी कधी समोरच्याचे रिरोल, म्हणजे फासा पुन्हा टाकण्याच्या संधी, पळवतो, आणि झाडासारखे दोन प्रचंड ट्रीमॅन. मुलांनी त्यांना राखणदार हे नाव दिले. राखणदार हाफलिंगाला उचलून काही चौकोन पुढे फेकू शकतो. तिने आपल्या गड्यांना फोंडा तालुक्यातल्या गावांची नावे ठेवली होती. वर्षभर ती हरत राहिली. एकच सामना बरोबरीत सुटला, मास्तरांविरुद्ध: शेवटच्या पाळीत राखणदाराने चेंडूसकट फेकलेला शिरोडा तीनदा भरकटून, पायांवर उतरून, उरलेले चौकोन चालत ओळीपलीकडे गेला. मास्तरांनी उठून तिच्याशी हात मिळवला.

त्या वर्षी तळाला तीच होती. भाषणाला उभी राहिली तेव्हा हातात वहीचे एक पान होते. प्रस्तावना नाही, आभार नाहीत. तिने यादी वाचली.

"उसगाव. पहिल्या सामन्यात, ऑर्कच्या धक्क्याने. बेतकी. फाउलमध्ये. पंचांनी पाहिले नाही. वळवई. राखणदाराने फेकले, खाली उतरताना. खांडोळा. सलग तीन सामने खेळला, एक झेल घेतला. मडकई. चेंडू उचलायला गेला आणि परत आला नाही. कवळे, आडपई, दुर्भाट. एकाच सामन्यात."

आधी थोडे हसू होते. मग ज्याचे गाव येई तो आपोआप ताठ बसू लागला. दुर्भाटचे एक काका चक्क उभे राहिले. यादी संपल्यावर मागून एका बाईंनी हळूच विचारले, "आणि शिरोडा, बाय?"

"शिरोडा आहे. त्याचा गुडघा गेलाय, पण पुढच्या वर्षी खेळेल."

सगळे सभागृह टाळ्यांनी भरले. मास्तर चष्मा पुसत होते. विजेता कोण होता ते मला अहवाल काढून पाहावे लागेल. ही यादी मला पाठ आहे. तळाच्या माणसाला बोलू देण्याचा आमचा रिवाज बदलावा असे सुचवणारे अधूनमधून निघतात, त्यांना मी हेच ऐकवते.

या सगळ्यामागे ज्यांचे हात होते त्यांतला कुणी सुटू नये म्हणून लिहून ठेवते. रविवारी सकाळी सातला कुलूप काढणारे आणि खडूचे चौकोन पुसायला ज्यांचा जीव झाला नाही ते शाळेचे शिपाई मामा. २६ बाय १५ ची तीन मैदाने फ्लेक्सवर छापून फक्त कापडाचे पैसे घेणारा छपाईवाला. नियमांचे मराठी टिपण टंकून देणाऱ्या वाचनालयाच्या ताई. चित्रशाळेतले काका, ज्यांनी चवथीची घाई संपल्यावर ऑर्कांना रंग चढवला. पावसाळी दमट हवेत फवाऱ्याचा रंग भुकटीसारखा बसतो म्हणून त्यांनी तो हाताने, बारीक कुंचल्याने दिला, आणि बोटाएवढ्या सोंगटीचे डोळे उघडण्याआधी हात धुऊन आले. पातळभाजी, पाव आणि मिरची भजी पाठवणारा कोपऱ्यावरचा हॉटेलवाला. घरून शिरा करून आणणाऱ्या दोघी वहिनी. माइक सांभाळणारा भजनी मंडळातला पेटीवाला. दर रविवारी मुलीला स्कूटरवरून डिचोलीहून आणून संध्याकाळपर्यंत थांबणारे तिचे वडील, जे पुढे स्वतः बुटक्यांचा संघ घेऊन बसले. आणि स्विंडनचा भाचा, ज्याला आम्ही अजून मेळाव्यात पाहिलेले नाही.

ती मुलगी आता बारावीला आहे आणि हाफलिंग सोडायला तयार नाही. फोंड्यातली गावे बरीच खर्ची पडल्यामुळे यंदा तिला सत्तरी तालुक्यातली हवी आहेत: होंडा, भिरोंडा, पर्ये, मोर्ले, नगरगाव. सत्तरीचे सभासद बहुतेक जेवणाच्या वेळेला पोचतात. यंदा संघाची नावे सकाळी दहाला, स्वागतगीतानंतर लगेच वाचली जाणार आहेत, तेव्हा दहालाच यावे.