मित्रमैत्रिणींना गिफ्ट काय द्यायचं?

वाढदिवस जवळ आला की ग्रुपवर मेसेज पडतो, प्रत्येकी पाचशे जीपे करा, मग कोणीतरी एक जण व्हाउचर घेऊन फॉरवर्ड करतो आणि विषय संपतो. सोयीचं आहे, वेळ कोणाकडेच नाही, सगळं खरं, पण मला हे मनापासून पटत नाही. तेच व्हाउचर नाव बदलून ऑफिसमधल्या कोणालाही चाललं असतं ना!

आहेराचं वेगळं आहे. लग्नात कोणी 101 दिले, कोणी 501 दिले हे घरातलं कोणीतरी वहीत उतरवून घेतं, कारण उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की आपल्याकडूनही तेवढं जायला हवं. मी त्याला अजिबात नावं ठेवणार नाही, कार्याचा खर्च मोठा असतो आणि तो सगळ्या गोतावळ्याने थोडा थोडा उचलायची ती रीत आहे. पण मैत्रीत अशी वही कोणी ठेवत नाही, मग तिथे तरी रकमेचा विचार आधी का करायचा?

आमची एक मैत्रीण घटस्फोटानंतर ठाण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये एकटी राहायला गेली. सगळ्यांचं म्हणणं पडलं मिक्सर देऊ, मायक्रोवेव्ह देऊ. तेव्हा आमच्यातल्या एकीला आठवलं की ही फोनवर सहज म्हणाली होती, अगं फोडणी करायला गेले तर मोहरी पुडीत, हळद दुसऱ्याच पिशवीत, हे माझं स्वयंपाकघर वाटतच नाही. मग आम्ही स्टीलचा मिसळणाचा डबा घेतला, सात वाट्यांचा, आणि तो भरूनच दिला. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथ्या, धनेपूड आणि सातव्या वाटीत गोडा मसाला, तोही तिला आवडतो तसा जरा जास्त दगडफूल घातलेला, जो एकीच्या आईने मुद्दाम भाजून कुटून दिला. हिंगाची डबी वेगळी ठेवली, नाहीतर सगळ्याला वास लागतो.

आणि झाकणावर नाव घालून घेतलं. भांड्यांच्या दुकानात ते पेनसारखं मशीन असतं ना, टर्रर्र आवाज करत स्टीलवर अक्षरं काढणारं, त्याने. दुकानदाराने सवयीने विचारलं, काय लिहू, सौ. लिहू का? आम्ही म्हटलं नाही, फक्त तिचं नाव आणि खाली तारीख. तिच्या माहेरच्या भांड्यांवर वडिलांचं नाव होतं, सासरच्या भांड्यांवर सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं, आपल्या बहुतेक घरांत असंच असतं. नुसतं तिचं नाव असलेलं हे पहिलंच भांडं. ती त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली होती, आणि आमच्यापैकी कोणाला काही बोलायचं सुचेना.

मिक्सर तिने नंतर स्वतः घेतला, तो घेता येतोच.

म्हणून मला वाटतं की चांगल्या गिफ्टची सुरुवात दुकानात होत नाही, ती त्याच्या कितीतरी आधी समोरचा माणूस काहीतरी सहज बोलून जातो आणि आपण ते ऐकून ठेवतो तिथे होते. मी तर आता फोनमध्ये लिहूनच ठेवते, कोण काय म्हणालं ते. कोणाला लहानपणी घरी येणारा दिवाळी अंक आठवतो, म्हणजे रद्दीवाल्याकडे किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात नजर ठेवायची, मिळतात कधी कधी. 1909 मध्ये संपादक का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची आपली ही परंपरा, त्यामुळे जुने अंक जपून ठेवणारी माणसंही भेटतात. आणि पैसे फार लागत नाहीत. उलट फार महाग वस्तू मित्राला दिली की तो बिचारा अवघडतो, आता आपणही तेवढंच द्यायला हवं म्हणून, आणि मग ती वही मैत्रीत शिरतेच.

सध्या यादीत एक मित्र आहे. कॉलेजमध्ये तबला वाजवायचा, मध्यंतरी म्हणाला की डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटलीय, आता कोण करत बसणार. वहिनींशी बोलून झालंय, तो ऑफिसला गेला की डग्गा गुपचूप उचलायचा, पुडी बदलून आणायची, आणि सोबत तबला सुरात लावायची एक नवीन हातोडी, कारण जुनी हरवलीय असंही वहिनीच म्हणाल्या.